तबकडी कोरी करताना

संगणक मंदावला, काम चालू असताना निळा पडदा दाखवून तो आपोआप बंद पडू लागला, किंवा एखाद्या सकाळी त्याने सुरू होण्याचेच नाकारले, की आपल्याकडे घरोघरी आणि कचेऱ्याकचेऱ्यांत एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारा आणि विंडोज नव्याने टाका. सल्ला देणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो आणि अनेकदा त्याचा गुणही येतो. परंतु ज्या सहजतेने तो उच्चारला जातो त्याच सहजतेने तो अमलात आणण्याजोगा मात्र नाही, कारण कार्यप्रणाली पुन्हा बसवता येते, पण तिच्याबरोबर पुसली गेलेली दहा वर्षांची छायाचित्रे, हिशेबाची खाती किंवा अर्धवट लिहिलेला प्रबंध कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. या कामातील खरी अडचण क्वचितच फॉरमॅटच्या क्षणी असते. ती त्याआधीच्या निष्काळजीपणात किंवा त्यानंतरच्या घाईत असते, आणि तिची कैफियत बहुतेक वेळा संगणक स्वतःच पडद्यावर मांडीत असतो. ती शांतपणे वाचावी कशी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

पहिला प्रश्न असा की, फॉरमॅटची गरज खरोखर आहे काय. विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्या असतील, व्हायरसने ठाण मांडले असेल, किंवा वर्षानुवर्षे टाकलेल्या आणि अर्धवट काढलेल्या सॉफ्टवेअरचा गाळ साचला असेल, तर नव्या स्थापनेने संगणक ताजातवाना होतो यात शंका नाही. परंतु हार्ड डिस्कच झिजत चालली असेल, रॅमची पट्टी सदोष असेल, पंख्यात धूळ अडकून यंत्र तापत असेल, किंवा ४ जीबी रॅमवर आजची अवजड कामे रेटली जात असतील, तर दहा वेळा फॉरमॅट केले तरी आठवड्याभरात तेच दुखणे उलटते. सुदैवाने हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद आपणच ठेवते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य साधनाने ती नोंद कोणालाही वाचता येते. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये तीन आकडे विशेष पाहावेत: ०५ या क्रमांकापुढे निकामी ठरून राखीव जागेत हलविलेल्या सेक्टरांची संख्या असते, सी५ पुढे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी ताटकळत ठेवलेल्या सेक्टरांची, आणि सी७ पुढे वाहतुकीत झालेल्या चुकांची. यांतील पहिले दोन आकडे वाढत असतील तर डिस्क बदलावयाची वेळ आली आहे असे निःशंक समजावे. केवळ तिसराच वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या केबलचा असतो, आणि ती केबल बदलली की फॉरमॅटचा विषयच बरखास्त होतो.

डिस्कमधून नियमित अंतराने टक-टक असा आवाज येऊ लागला असेल, तर फॉरमॅटचे नाव काढू नये आणि चूक शोधून दुरुस्त करणारी दीर्घ तपासणीही चालवू नये, कारण मरणोन्मुख डिस्कला संपूर्ण पृष्ठभाग वाचावयास लावणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य आपल्या हाताने संपविणे होय. अशा वेळी जे सर्वांत मोलाचे ते सर्वांत आधी उतरवून घ्यावे, डिस्क बंद करावी, आणि त्यातूनही काही राहिले असेल तर माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे ती न उघडता सोपवावी.

डिस्क निरोगी असेल तर एक मधला मार्गही आहे. विंडोज १० आणि ११ यांच्या सेटिंग्जमध्ये संगणक ‘रिसेट’ करण्याची सोय आहे; तीत आपल्या फायली राखून केवळ विंडोज नव्याने बसविता येते. बसविलेली सॉफ्टवेअर जातात, पण दस्तऐवज राहतात. साध्या दुखण्याला हा उपाय पुरतो, म्हणून तो आधी करून पाहावा. मात्र व्हायरसचा संशय असेल तर अर्धवट सफाईवर विसंबू नये.

आता ‘फॉरमॅट’ या शब्दाने नेमके काय घडते ते पाहू. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. उद्या कोणी तेथील सूची तेवढी नाहीशी केली, तर रुमाल जागच्या जागीच राहतील, पण कोणता कागद कोठे आहे हे सांगता येणार नाही, आणि जागा मोकळी आहे असे समजून कोणी नवे रुमाल रचू लागला की जुने खरोखरीच नष्ट होऊ लागतील. क्विक फॉरमॅट नेमके हेच करते: सूची नवी होते, मजकूर तेथेच असतो. म्हणूनच फिरत्या तबकडीची डिस्क चुकून फॉरमॅट झाली तर त्याच क्षणी तिचा वापर थांबवावा. त्यावर नवे विंडोज बसवीत गेलो की परतीची वाट बुजत जाते. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट निराळी. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहीत जाते, आणि १ टीबीच्या जुन्या डिस्कला त्यासाठी दोन-तीन तास सहज लागतात. संगणक विकावयाचा असेल तर हा वेळ अवश्य द्यावा. एसएसडीला मात्र हा नियम लावू नये, कारण तिच्यात ‘ट्रिम’ नावाची आज्ञा पुसलेल्या जागा आतून रिकाम्या करवून घेते आणि चुकून पुसलेले परत मिळण्याची आशा बहुतेक राहतच नाही. ती विकताना तिच्या निर्मात्याने दिलेली सुरक्षित पुसण्याची सोय वापरणे हाच योग्य मार्ग.

यावरून बॅकअपचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पण तो कसा घ्यावा याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. त्यांतला सर्वांत घातक असा की, ‘माझे सगळे डी ड्राइव्हवर आहे, तेव्हा ते सुरक्षित आहे’. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन वाटे असतात, एकाच वाड्यातल्या दोन खोल्यांसारखे. वाडा कोसळला तर दोन्ही खोल्या जातात. शिवाय विंडोज बसविताना जी यादी समोर येते तीत सी, डी ही अक्षरे नसतात. ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ अशी नावे आणि त्यांपुढे आकारमान एवढेच असते, आणि घाईत भलताच वाटा पुसला जाण्याचे प्रसंग येथेच घडतात. म्हणून आधी डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक वाट्याचे आकारमान कागदावर टिपून घ्यावे. अन्यथा सर्वोत्तम उपाय म्हणजे सर्व माहिती बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवणे, म्हणजे चुकीला वावच राहत नाही.

काय काय घ्यावयाचे, याची यादी डोक्यात न ठेवता लिहावी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि छायाचित्रे ही ठळक ठिकाणे कोणालाही सुचतात. विसरतात ती आतली. आउटलुकची जुनी टपाले पीएसटी नावाच्या फायलीत असतात, ब्राउझरमधील खुणा आणि पासवर्ड ‘ॲपडेटा’ या लपविलेल्या फोल्डरमध्ये असतात, आणि टॅलीची खाती सहसा डेस्कटॉपवर नसतात. त्यांचा मार्ग टॅलीच्या आतच पाहून घ्यावा लागतो, तसेच तिचा परवाना फॉरमॅटपूर्वी ‘सरेंडर’ करावा लागतो, नाहीतर नव्या स्थापनेनंतर तो जुन्याच संगणकाच्या नावे अडकून राहतो. वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी: फायलीपुढे ढगाची खूण दिसत असेल तर ती फाइल आपल्या डिस्कवर नसून केवळ तिची नावनिशी तेथे आहे, हे ध्यानात ठेवून ती आधी उतरवून घ्यावी किंवा खात्याचा पासवर्ड हाताशी असल्याची खात्री करावी. आणि नक्कल झाली म्हणजे काम झाले असे मानू नये. दुसऱ्या संगणकावर ती डिस्क लावून पाच-दहा फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

मराठीत मजकूर तयार करणाऱ्यांसाठी येथे थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि छापखान्यांत व डीटीपीच्या दुकानांत त्यानंतरही, श्रीलिपी किंवा आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टमध्ये लाखो पाने जुळविली गेली. त्या फायलींत मराठी अक्षरे नसतात; फॉन्टने मराठी रूप दिलेली सांकेतिक चिन्हे असतात. फॉन्ट गेला की पत्रिका, ग्रंथाचा मसुदा किंवा संस्थेची घटना रोमन अक्षरांच्या निरर्थक जंजाळात रूपांतरित होते, आणि फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. हे फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतात, जेथे बॅकअप घेताना कोणी डोकावत नाही. माझ्या परिचयाच्या एका मुद्रकाने सर्व पुस्तकांच्या फायली काळजीपूर्वक उतरवून घेतल्या, पण फॉन्ट राहिले. ते मिळेपर्यंत छपाईसाठी तयार झालेली दोन पुस्तके तशीच पडून राहिली. म्हणून विंडोजमधील फॉन्ट्स हे फोल्डर संपूर्ण उतरवून घ्यावे, आणि जुन्या सॉफ्टवेअरची चकती व हार्डवेअर लॉक असल्यास तोही जपून बाजूला ठेवावा. युनिकोड मजकुराला हे भय नाही. फक्त विंडोज १० पासून ‘मंगल’ हा फॉन्ट मूळ संचात न येता देवनागरीच्या पूरक फॉन्टांत गेला असल्यामुळे जुनी पाने नव्या विंडोजवर किंचित निराळी दिसतील आणि ओळी सरकतील. सेटिंग्जमधील ऐच्छिक सोयींतून तो संच मागवून घेतला की पाने पूर्ववत होतात.

दुसरी जोखीम बिटलॉकरची. अलीकडील अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याची वार्ताही नसते. बायोसमध्ये फेरफार केला की तोच संगणक दुसऱ्या क्षणी ४८ अंकी किल्ली मागतो, आणि ती नसेल तर स्वतःच्याच माहितीसमोर आपण परके ठरतो. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. ती कागदावर उतरवून घेतल्याखेरीज बायोसला हात लावू नये. विंडोज सुरूच होत नसेल, तर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून फायली बाहेर काढता येतात. पण तेथेही कुलूपबंद डिस्क किल्लीवाचून उघडत नाही.

इतके झाल्यावरच स्थापनेकडे वळावे. दुसऱ्या एखाद्या निरोगी संगणकावर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल उतरवून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर स्थापनेचा संच तयार करावा. पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व त्यात पुसले जाते हे वेगळे सांगतो. कोणी ओळखीच्याने दिलेली, परवाना मोडून तयार केलेली प्रत कधीही वापरू नये, कारण ज्या व्हायरससाठी आपण फॉरमॅट केले तोच तीतून आत येतो. त्याच पेनड्राइव्हवर, किंवा दुसऱ्यावर, संगणकाच्या नेमक्या मॉडेलचे वायफाय, लॅन आणि स्टोरेज यांचे ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आणून ठेवावेत. त्यांचे मोल पुढे कळेल. संगणकात एकाहून अधिक डिस्क असतील तर ज्या डिस्कवर विंडोज घालावयाचे ती सोडून बाकीच्या डिस्कांच्या केबली काढून ठेवाव्यात. असे न केल्यास विंडोज कधीकधी स्वतः एका डिस्कवर बसते आणि प्रारंभ करून देणारा आपला भाग मात्र दुसऱ्या डिस्कवरील जुन्या वाट्यात ठेवते. वर्षभराने ती दुसरी डिस्क काढली की संगणक ‘बूट करण्याजोगे काही नाही’ म्हणतो आणि कारण कोणालाच उमगत नाही.

संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. डेल आणि लेनोव्हो यांच्यात ती बहुधा एफ१२, एचपीत एस्केप किंवा एफ९, आसुसच्या लॅपटॉपांत एस्केप असते. पुष्कळदा या यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय या शब्दासह, आणि या क्षुल्लक वाटणाऱ्या निवडीतून सर्वांत जास्त आढळणारी अडचण उद्भवते: डिस्क दिसते, पण ‘या डिस्कवर विंडोज बसविता येत नाही’ असा नकार येतो.

या नकाराचे मूळ जमिनीच्या मोजणीत आहे असे म्हटले तर ते चटकन कळेल. डिस्कवरील वाट्यांच्या हद्दी नोंदविण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी एमबीआर ही १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. तीत मुख्य वाटे चारच करता येतात आणि नेहमीच्या ५१२ बाइटांच्या सेक्टरांच्या हिशेबाने सुमारे २ टीबीच्या पलीकडली जमीन तिला मोजताच येत नाही. नवी जीपीटी ही बंधने पाळत नाही आणि यूईएफआय पद्धतीच्या बायोसशी तिची सांगड आहे. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू केला आणि डिस्क एमबीआरची असली, किंवा उलट पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू केला आणि डिस्क जीपीटीची असली, की नकार ठरलेला. दुसऱ्या प्रकारात काहीही पुसण्याची गरज नाही. संगणक बंद करून यूईएफआय असे लिहिलेली नोंद निवडली की काम भागते. पहिल्या प्रकारात, बॅकअप हाती असेल तर, शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबून काळी खिडकी उघडावी, डिस्कपार्ट असे टंकित करावे, लिस्ट डिस्क या आज्ञेने सर्व डिस्कांची यादी पाहावी, आकारमानावरून आपली डिस्क ओळखून सिलेक्ट डिस्क या शब्दांपुढे तिचा क्रमांक द्यावा, आणि मग क्लीन व कन्व्हर्ट जीपीटी या दोन आज्ञा एकामागून एक द्याव्यात. क्लीन ही आज्ञा कबुली मागत नाही, दुसऱ्यांदा विचारीत नाही आणि क्षणार्धात साऱ्या हद्दी पुसते. तेव्हा एंटर दाबण्यापूर्वी क्रमांक पुन्हा वाचावा, आणि मनात किंचितही शंका असेल तर हात मागे घ्यावा. जुने विंडोज १० अद्याप चालू स्थितीत असेल आणि केवळ पद्धत बदलावयाची असेल, तर एमबीआर२जीपीटी हे विंडोजमधीलच साधन माहिती न पुसता ते करून देते, पण बॅकअप तेव्हाही हवाच.

यादीत डिस्कच न दिसणे ही दुसरी तक्रार. येथे आधी बायोसमध्ये डिस्क दिसते काय हे पाहावे. तेथेही नसेल तर केबल, सॉकेट किंवा डिस्क स्वतः निकामी आहे. बायोसमध्ये दिसते पण स्थापनेच्या यादीत दिसत नाही, असे असेल आणि संगणक इंटेलच्या ११व्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर डिस्क बहुधा व्हीएमडी या नियंत्रकाच्या आड गेलेली असते. मघाशी जे स्टोरेजचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवले त्यांतील इंटेलचा ड्रायव्हर ‘लोड ड्रायव्हर’ या कळीने दाखविला की डिस्क प्रकट होते. लॅपटॉप नादुरुस्त ठरवून नवा घेण्याचा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो, तो ऐकू नये.

वाटे दिसू लागल्यावर, संपूर्ण डिस्क कोरी करावयाची असेल तर तिचे सर्व वाटे एकेक करून काढून टाकावेत आणि ‘अनॲलोकेटेड’ म्हणून जी सलग मोकळी जागा उरते तीच निवडून पुढे जावे. प्रारंभाचा १०० एमबीचा वाटा आणि इतर लहान वाटे विंडोज आपले आपण पाडून घेते. ते हाताने पाडीत बसणे व्यर्थ आहे.

फायली उतरत असताना काम एकाच टक्क्यावर तासभर थिजले, किंवा ८००७०५७० या आकड्यांनी संपणारी चूक दिसली, तर पेनड्राइव्हवरचा संच सदोष असण्याचा संभव प्रथम धरावा: दुसरा पेनड्राइव्ह, दुसरे यूएसबी छिद्र, संच नव्याने उतरविणे, या क्रमाने जावे. तरीही दर वेळी निराळ्या ठिकाणी काम अडत असेल तर संशय रॅमवर घ्यावा. दोन पट्ट्या असतील तर एक काढून प्रयत्न करावा, आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून खात्री करावी. पहिल्या पुनःप्रारंभानंतर स्थापना पुन्हा आरंभापासूनच सुरू झाली, तर त्यात बिघाड काहीच नाही. संगणक डिस्कऐवजी पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू झाला एवढेच. पेनड्राइव्ह काढून घ्यावा. तारीख दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपली आहे. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळे आणि विंडोजची नोंदणी दोन्ही अडतात.

परवान्याची चिंता बहुतेकांनी करू नये. विंडोज ८ पासून ज्या संगणकांबरोबर विंडोज विकत मिळाले त्यांची किल्ली मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते, आणि विंडोज १० पासून परवाना त्या यंत्राच्या नावे डिजिटल स्वरूपात रुजू होतो. किल्ली विचारली असता ‘माझ्याकडे नाही’ असे उत्तर देऊन पुढे जावे. मात्र पूर्वी होम आवृत्ती असेल तर होमच निवडावी, प्रो निवडली तर परवाना जुळत नाही. विंडोज ११ पुढे इंटरनेट मागते आणि वायफाय ओळखत नाही, असा पेच पडला तर आणून ठेवलेला ड्रायव्हर द्यावा, किंवा अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून त्याचे टेदरिंग चालू करावे. नंतर विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्यावे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण असलेल्या भागांचे ड्रायव्हर निर्मात्याकडूनच घ्यावेत, आणि भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडावी. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक विंडोजमध्येच आहेत.

जुन्या संगणकांविषयी एक शब्द. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० व सिक्युअर बूट लागतात, जे अनेक धडधाकट यंत्रांत नाहीत. अशा यंत्रावर पुन्हा विंडोज १० घालून बँकेचे व्यवहार करण्यापेक्षा, जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी आणि उबुंटू किंवा मिंट ही विनामूल्य लिनक्स प्रणाली घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लेखन, टपाल आणि वाचन यांसाठी ती पुरेशी आहे.

आणि एक विनंती. नवे विंडोज सुरळीत चालू लागले, फायली परत जागच्या जागी ठेवल्या, की बॅकअपची डिस्क मोकळी करून दुसऱ्या कामाला लावण्याचा मोह होतो. काय राहून गेले हे मात्र त्या आठवड्यात कळत नाही. ते विवरणपत्र भरावयाच्या दिवशी किंवा जुन्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढताना कळते. तेव्हा त्या डिस्कवर तारीख लिहून ती किमान तीन महिने, न पुसता, कपाटात ठेवा.